थोरल्या लक्ष्मीला ताप आला

बजरंगानं बल्ब आणायचं ठरवलं, एवढंच झालं होतं. घर बांधायचं नव्हतं, जमीन घ्यायची नव्हती, पोरीचं लग्न नव्हतं. नुसता बल्ब. पण माणसाची तऱ्हा बघा, मोठं काम असलं की चार जणांना विचारत हिंडेल, आणि काम बारकं असलं की एकटाच शहाणा होऊन बसेल.

तसा बजरंग शहाणाच होता, निदान त्याच्या मते. निलंग्याच्या एका हायस्कुलात तो प्रयोगशाळेचा परिचर. बाटल्या धुवायच्या, काचेची भांडी पुसून फळीवर लावायची, मास्तर म्हणतील तेव्हा स्पिरिटचा दिवा पेटवायचा. पण इतकी वर्षं विज्ञानाच्या शेजारी काढल्यावर थोडंफार विज्ञान आपल्यालाही लागलं असणार, असं त्याला मनोमन वाटे. हळदीच्या पोत्याशेजारी ठेवलेलं धोतर पिवळं होतंच की. घरात दूध नासलं तरी तो भांड्यात वाकून बघायचा आणि म्हणायचा, "ही रासायनिक अभिक्रिया हाय."

"अभिक्रिया कशाची," त्याची बायको पंचफुला म्हणायची, "तापवायला सांगितलं होतं, इसरलात."

तर ह्या बजरंगाच्या घरी त्या साली महालक्ष्म्या यायच्या होत्या.

ह्या घराण्याच्या लक्ष्म्या आजवर थोरल्या भावाकडं, म्हणजे रामकिशनकडं, खेड्यात बसायच्या. भादवा आला की पंचफुला निलंग्याहून जायची आणि थोरली जाऊ साखराबाई सांगेल ते करायची. साखराबाई पुरण वाटायची, पंचफुला भाज्या चिरायची. साखराबाई देवीला साडी नेसवायची, पंचफुला टाचण्या हातात देत उभी राहायची. कुरकुर तिनं कधी केली नाही. पण निलंग्यात घर बांधलं तेव्हा बैठकीचा एक कोपरा तिनं रिकामा ठेवला. तिथं कपाट ठेवू दिलं नाही, शिलाई मशीन ठेवू दिली नाही. फ्रिज आणला तर तोही बोळात ठेवायला लावला, आणि तिथं त्याचं दार अर्धंच उघडायचं. वांगं काढायचं तर हात तिरका घालून काढावं लागे. कोपरा कशासाठी, हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि बजरंगानं विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं. (एवढं एक त्याला विज्ञानाशिवाय कळलं होतं.)

मग मागच्या साली असं झालं की रामकिशननं देवीच्या मागं जुना पिवळा बल्ब बांधला. देवी चांगली दिसावी, एवढाच त्याचा हेतू. आरती संपेपर्यंत थोरल्या लक्ष्मीच्या पदराला भाकरीएवढं भोक पडलं. सासूबाई, म्हणजे धोंडाबाई, तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्यांची ती रीतच होती. राग आला की तो त्या लोणच्यासारखा मुरवत ठेवायच्या. औंदा नागपंचमीला सगळे गावाकडं जमले, तेव्हा त्यांनी बरणी उघडली.

"ह्या साली लक्ष्म्या निलंग्याला जातील," त्या म्हणाल्या. "बघू पंचफुला कशी करती. नीट झालं तर तिकडंच राहतील. न्हाई झालं तर परत येतील."

साखराबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. पंचफुला खाली मान घालून शेंगा फोडत राहिली, पण टरफलं टोपल्यात आणि दाणे उकिरड्याच्या पाटीत पडत होते, हे बजरंगानं बघितलं.

"आन एक," धोंडाबाई म्हणाल्या, "लाईट देवीजवळ नको. समई पुरे."

झालं. इथंच बजरंगाचं विज्ञान जागं झालं.

"माय, आता तसले बल्ब राहिले न्हाईत," तो म्हणाला. "आता एलईडी. थंड उजेड असतो त्याचा."

"उजेड कुठं थंड असतो का लेका?"

"चांदण्याचा असतो का न्हाई?"

बजरंग निलंग्याला आला तो थेट महादेवप्पाच्या दुकानात गेला.

"अण्णा, सगळ्यात मोठा एलईडी दाखव."

महादेवप्पानं खोक्यातून दुधी भोपळ्याएवढा बल्ब काढला. "कुठं लावतोस? शिखरावर?"

"तसलेच दोन दे. कुठं लावतो ते गुपित हाय."

"गुपित असू दे. पण वारं लागू दे त्याला. कोंडून ठेवलास तर मान तापती त्याची."

बजरंग हसला. नववीच्या पोरानं वेडंवाकडं उत्तर दिलं की मास्तर हसतात, तसं. "अण्णा, एलईडीला उष्णता नसते. मी लॅबमधी हाय."

"मी दुकानात हाय," महादेवप्पा म्हणाला आणि बल्ब कागदात बांधून दिले.

लक्ष्म्यांच्या आधीच धोंडाबाई आणि साखराबाई निलंग्यात येऊन उतरल्या. साखराबाई मदतीला आली होती. म्हणजे ती बैठकीत बसायची आणि पंचफुला काय काय विसरते ते बघायची. त्या दोघींसमोर बजरंगानं प्रयोग मांडला. एक बल्ब ओट्यावरच्या होल्डरला लावून बराच वेळ जळू दिला आणि मग त्याच्या पांढऱ्या गोळ्यावर सगळ्यांदेखत तळहात ठेवला.

"हात लाव, माय."

धोंडाबाईंनी हात लावला. "गार हाय की. मेल्या माणसाच्या कपाळासारखा."

पंचफुलानं हात लावला. साखराबाईनंही एक बोट लावलं, दुसरीच्या घरची साखर चाखून बघावी तसं. गोळा खरंच गार होता. त्याच्या खालच्या मानेला मात्र कुणी हात लावला नाही. पाहुणा आला तर आपण त्याला रामराम घालतो, त्याची मान धरून बघत नाही.

"बरं," धोंडाबाई म्हणाल्या. "वर छताला टांग एक. खाली आणू नको."

एक छताला टांगला. दुसरा बजरंगाच्या कपाटात राहिला. आणि तो तिथंच राहिला असता तर सांगायला काही उरलं नसतं.

लक्ष्म्यांच्या कोठ्या पत्र्याच्या, लातूरच्या एका पत्रेवाल्याकडून करून आणलेल्या. माणसाच्या कमरेएवढ्या उंच, अंगाला नक्षीची बारीक भोकं, मागं छोटं दार, आत पोकळ. त्या पोकळीत, म्हणजे देवीच्या पोटात, लाडू करंज्या भरायच्या. लेक माहेरी आल्यावर उपाशी कशी ठेवायची? वर पितळेचे मुखवटे. मुखवटे धोंडाबाईंच्या सासूच्या काळचे, त्यांच्या माना बारीक, आणि पत्रेवाल्यानं कोठ्यांची तोंडं केली रुंद. मग ती फट धोंडाबाई मेणानं भरायच्या. मेण त्यांच्याच डबीतलं. त्या अजून जुन्या रीतीनं आधी कपाळाला मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू. मुखवटा कोठीवर ठेवायचा, चारी बाजूंनी मेण दाबायचं, की देवी तीन दिवस समोर बघत उभी.

लक्ष्म्या आल्या. तुळशीपासून आत पावलं उमटवली, ताटली वाजवली, पंचफुलानं मुखवटे घरभर फिरवून आपलं घर दाखवलं. अर्ध्या दाराचा फ्रिजसुद्धा दाखवला. मग त्या रिकाम्या कोपऱ्यात चौरंग मांडून लक्ष्म्या उभ्या केल्या, पोटं भरली, आणि धोंडाबाईंनी मेण दाबलं. पंचफुला मागं सरकून बघत राहिली. बजरंगानं बायकोकडं बघितलं आणि त्याला वाटलं, हिच्यासाठी आपणही काहीतरी भारी करावं.

(बायकोसाठी काही करायचं तर आधी तिला विचारावं, हे कुठल्याच प्रयोगशाळेत शिकवत नाहीत.)

मोबाईलवर त्यानं कुठंतरी आतून उजळलेली देवी बघितली होती. साडीतून झिरपणारा उजेड, जणू देवीच प्रकाशते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका पुरणाच्या मागं लागल्या होत्या. बैठकीत कुणी नव्हतं. बजरंगानं आंघोळ केली, हात जोडले, "दिसशील लई भारी" म्हणाला आणि थोरलीचं मागचं दार उघडलं.

आत जागा नव्हती. लाडू गच्च भरले होते.

थोडे काढले. काढलेले ठेवायचे कुठं? डब्यात ठेवले तर पंचफुलाला कळणार. खिशात ठेवले तर तुपाचे डाग. घाईघाईत त्याला एकच सुरक्षित जागा सुचली. त्यानं एक लाडू खाल्ला. मग दुसरा. बल्ब मोठा होता, आणखी खावे लागले. नैवेद्याच्या आधी देवीचे लाडू खाताना त्याला भीती वाटत होती, पण पंचफुलाचा हात चांगला असल्यामुळं ती प्रत्येक लाडवागणिक कमी होत गेली. शेवटी बल्ब होल्डरसकट आत टांगला, वायर निऱ्यांतून खाली सोडली, पिन पडद्यामागच्या बोर्डात खुपसली आणि दार लावलं. धाकटीच्याही पोटात दुसरं काहीबाही बसवायचा विचार होता, पण तिचे लाडू काढून ठेवायला त्याच्या पोटात जागा उरली नव्हती.

बटण दाबलं. थोरली उजळली. हिरव्या साडीचे काठ आतून पेटल्यासारखे सोनेरी झाले.

"आगं बाई," पंचफुला दारातच थबकली. हातात पुरणाचं घमेलं होतं. "हे काय हो?"

"वरच्या बल्बचं रिफ्लेक्शन," बजरंग म्हणाला.

"मग धाकटीचं का न्हाई?"

"तिचा अँगल येगळा हाय."

प्रयोगशाळेतला माणूस म्हणतो तर असेल. पंचफुलानं देवीला डोळे भरून बघितलं आणि मग बजरंगाकडंही जरा त्याच नजरेनं बघितलं. त्या एका नजरेसाठी तो आणखी लाडू खायला तयार होता, फक्त पोट नाही म्हणत होतं. दुपारी रामकिशन आला, पूजा झाली, नैवेद्य झाला, पानं मांडली. बजरंगानं पुरणपोळीचा एक तुकडा मोडला आणि नुसता बोटांत फिरवत बसला.

"काय रं, लक्ष्म्याच्या दिवशी खात न्हाईस?" रामकिशननं विचारलं.

"भक्तीनं पोट भरलंय," बजरंग म्हणाला. हे खोटंही नव्हतं.

जेवणं उरकली. साखराबाई दाराशी पाय पसरून पान लावत बसली होती. हातातलं पान तसंच ठेवून ती म्हणाली,

"आत्याबाई, थोरली माझ्याकडं बघून राहिलीय."

"देवी समद्यांकडंच बघती," धोंडाबाई म्हणाल्या.

"न्हाई. सकाळी समोर बघत होती. आता दाराकडं बघायलीय."

सगळ्यांनी बघितलं. खरंच. थोरलीचं तोंड वळलं होतं. नथीच्या बाजूला थोडी मान झुकलेली आणि डोळे थेट दाराकडं. म्हणजे साखराबाईकडं. म्हणजे त्या दारातून जी वाट खेड्याकडं जाते तिकडं.

साखराबाईनं पाय आवरून घेतले, पदर डोक्यावर नीट केला.

"मी कशाला बोलू," ती म्हणाली. "पण देवीला बी सवय लागती एका घराची."

"काही चुकलं का माझं?" पंचफुला हळूच म्हणाली. "आंबील आंबट झाली का? भाज्यांत कुठली राहिली का?"

"भाज्या बरोबर हायत," धोंडाबाई म्हणाल्या, पण त्यांची नजर देवीवरून हलत नव्हती.

पंचफुलानं कोपऱ्याकडं बघितलं. भाड्याचं घर सोडताना बाई शेवटचं बघते ना, तसं. बजरंगाच्या पोटातले लाडू दगडाचे झाले.

विज्ञान म्हणत होतं की उंदीर असेल. किंवा वारा. एलईडीला उष्णता नसते, तेव्हा त्याचा प्रश्नच नव्हता. पडदा नीट करतो म्हणून तो मागं गेला, दार जरासं उघडून हात आत घातला आणि नेमकी बल्बची मान धरली.

बोट त्यानं तसंच तोंडात घातलं. चटका चांगलाच होता, आणि बोटाला तुपाची चव होती. आतले लाडू पाघळले होते. महादेवप्पा त्याला आठवला, आणि तो माणूस त्या क्षणी अजिबात आवडला नाही.

त्यानं गुपचूप बटण बंद केलं. उजेड गेला. आता देवी पुन्हा समोर बघेल अशा आशेनं तो बाहेर येऊन उभा राहिला. पण देवी कशाला समोर बघते? पाघळलेलं मेण गार होऊ लागलं, आणि थोरली दाराकडं तोंड करून पहिल्यापेक्षा पक्की बसली.

इकडं धोंडाबाई नेमक्या म्हणत होत्या, "काही का असंना, ह्या साली तरी हिथंच राहू द्यावं."

"बघा," साखराबाई म्हणाली. "हिथं राहायचं म्हणलं की तोंड उतरलं तिचं. उजेडच गेला."

बजरंगानं डोकं चालवलं. गार झालेलं मेण परत ऊन करायचं, मऊ झालं की कुणाचं लक्ष नाही बघून मान सरळ करायची. तो पुन्हा पडद्यामागं गेला आणि बटण दाबलं. त्याच वेळी साखराबाई म्हणत होती, "माझं तर म्हणणं, गावाकडं—"

थोरली लख्ख उजळली.

"गावाकडं म्हणलं की उजळली," साखराबाईनं वाक्य तसंच सोडून हात जोडले. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिचे डोळे खरंच पाणावले होते.

"वोल्टेज कमीजास्त होत असंल," रामकिशन लोडाला टेकल्या टेकल्या म्हणाला. पुरणपोळीनंतर त्याला देवीचा कोप आणि वोल्टेज सारखंच वाटत असे.

"तुम्ही गप बसा," साखराबाई म्हणाली. "मागच्या साली पदर जाळलात, आता तोंड उघडू नका."

बजरंग मेण मऊ व्हायची वाट बघत उभा राहिला. मान सरळ करायची संधी काही मिळेना, कारण आता सगळ्यांचं लक्ष त्या मानेकडंच होतं. बघता बघता ती आणखी झुकली. नथ पार साडीच्या काठाला टेकली. शेवटी धोंडाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत चौरंगापाशी गेल्या, आणि माफी मागायला म्हणून त्यांनी साडीवरून देवीच्या पोटाला हात लावला.

हात त्यांनी पटकन मागं घेतला. मग पुन्हा लावला, पालथा, तापल्या लेकराचं अंग बघतात तसा.

"बाईला ताप आलाय," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडं कधी शिंक बी आली न्हाई," साखराबाई पुटपुटली.

"पंचफुला, पाणी आन गं. गार आन, तांब्याभर. फडकं भिजवून पट्टी ठेवू हिच्या पोटावर."

पंचफुला धावत आत गेली आणि काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली. डोळ्यांतलं आणि तांब्यातलं पाणी एकदमच सांडत होतं. धोंडाबाईंनी फडकं तांब्यात बुचकळलं आणि न पिळता, निथळतं, वर काढलं. त्यांचे पाय जमिनीवर अनवाणी, कोठी पत्र्याची, मुखवटा पितळेचा, आणि आत पाघळत चाललेली वायर.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक पाटी होती. ओल्या हाताने विजेच्या उपकरणास स्पर्श करू नये. बजरंग ती रोज पुसत असे, आणि रोज पुसताना तिच्याकडं बघत मात्र नसे. ती पाटी आता त्याच्या डोळ्यांपुढं अक्षर न् अक्षर उभी राहिली.

तो पडद्यामागं झेपावला आणि पिन उपटून हातातच धरून बाहेर आला. मग आईच्या आणि देवीच्या मधी हात पसरून उभा राहिला. (साऱ्या दिवसात त्यानं बरोबर क्रमानं केलेलं हे एकच काम.)

"माय, पाणी नको."

"सरक बाजूला. ताप चढून राहिलाय तिला."

"ताप न्हाई. बल्ब हाय."

"कुठं?"

"आत."

"कुणाच्या आत?"

"थोरलीच्या. पोटात."

धोंडाबाईंनी त्याच्या हातातली पिन बघितली, पिनेमागची वायर बघितली, वायर कुठल्या निऱ्यांत शिरते तेही बघितलं.

"आन पोटातले लाडू?" त्यांनी विचारलं.

"तेबी पोटात."

"कुणाच्या?"

बजरंगानं आपल्या पोटावर हात ठेवला. रामकिशन लोडावरून उठून बसला. "भक्तीनं भरलंय म्हणाला होता ना तू?"

धोंडाबाईंनी मागचं दार उघडलं. गरम तुपाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा एकत्र वास बाहेर आला. उरलेले लाडू खाली बसून त्यांचा शिरा झाला होता. होल्डर तपकिरी पडला होता, आणि साडीच्या आतल्या बाजूला बोटभर डाग करपायला लागला होता. अजून थोडा वेळ गेला असता तर, असं प्रत्येकाच्या मनात आलं, आणि पुढचं कुणी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

"मला मेलीला कळायला पाहिजे होतं," धोंडाबाई खाली बसत म्हणाल्या आणि त्यांनी आपल्याच कपाळाला बोट लावलं. "चुलीपुढं घडीभर बसलं तर माझं कुंकू नाकावर येतंय. हिच्या तर पोटातच चूल पेटवली ह्या लेकानं. मान फिरणार न्हाई तर काय."

"वरचा गोळा गार असतो, माय," बजरंग म्हणाला. "मान तेवढी तापते. अण्णानं सांगितलं होतं. वारं लागायला पाहिजे म्हणाला होता."

"मग?"

"मी लॅबमधी हाय म्हणालो."

पंचफुला भिंतीशी बसली होती. तोंड पदरात आणि खांदे हलत होते. बजरंगाला ते बघवेना. तो जवळ जाऊन बसला.

"रडू नको. चुकलंच माझं."

तिनं पदर खाली केला. ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती आणि पुसता पुसता पुन्हा हसत होती.

"आवं, देवी माझ्यावर रुसली म्हणून माझा जीव अर्धा झाला होता," ती म्हणाली. "आन तुम्ही तिचे लाडू खाऊन उभे होते व्हय?"

साखराबाई मात्र पान हातात घेऊन बसली होती. ते पान काही तिनं तोंडात घातलं नाही. "म्हंजी ती माझ्याकडं बघत न्हवतीच तर," ती कुणाकडं न बघता म्हणाली. इतकी वर्षं जिनं त्या मुखवट्यांना नथ घातली, साडी नेसवली, तिला एवढ्याशा घडीत वाटून गेलं होतं की देवीला आपली आठवण आली. ते पंचफुलानं ऐकलं. ती हसायची थांबली.

"जाऊबाई, मेण अजून मऊ हाय," ती म्हणाली. "गार व्हायच्या आत तिची मान तुम्ही सरळ करा. तुमच्या हाताची सवय हाय तिला."

साखराबाई उठली. पिन बाहेर आहे ना, हे तिनं दोनदा बघितलं. मग दोन्ही हातांनी मुखवटा धरला आणि हलकेच फिरवला. पंचफुलानं चारी बाजूंनी मेण दाबलं. थोरली समोर बघू लागली, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना साध्या समईच्या उजेडात दोघी लक्ष्म्या सारख्याच देखण्या दिसल्या. "सकाळी ऐकलं की फार उजेड पाडलाय," शेजारची विशाखा म्हणाली. "आता नाही का?"

"उजेड पाडणारे आत झोपलेत," पंचफुलानं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्यांना निरोप दिला, दोरे घेतले, आणि मुखवटे तांदळात ठेवताना धोंडाबाई बोलल्या.

"लक्ष्म्या हिथंच राहतील. पंचफुलानं सगळं नीट केलं. साखरानंबी इतके साल नीटच केलं." त्यांनी दोन्ही लेकांकडं बघितलं. "एकानं देवीला बाहीरून भाजलं, एकानं आतून. खोट सुनांत न्हाई, माझ्या लेकांत हाय. म्हणून पुढच्या सालापासून साखरानं हिकडं यायचं, दोघींनी मिळून करायचं. आन लक्ष्म्या असेस्तोवर ह्या दोघांनी गावाकडं राहायचं."

"माय, जेवायला तरी—" रामकिशन म्हणाला.

"खिचडी येती की तुला."

तर पुढच्या भादव्यात निलंग्यात पुरणाचा घाट चालला होता आणि खेड्यात दोघे भाऊ रामकिशनच्या बैठकीत बसले होते. रामकिशननं खिचडी केली होती. तिला मीठ जास्त होतं आणि तांदूळ कमी. बजरंगाला बसायला जागा म्हणून लक्ष्म्या जिथं बसायच्या तोच कोपरा मोकळा होता. तो तिथंच भिंतीला टेकून, डोक्यावर छताचा बल्ब, पुढ्यात खिचडीचं ताट, दाराकडं डोळे लावून बसला. निलंग्याहून कुणाच्या तरी हाती पुरणपोळीचा डबा येईल, अशी त्याला आशा होती.

तेवढ्यात दारात अयोध्याबाई आली, शेजारची म्हातारी. दर सालच्या सवयीनं हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली होती. लक्ष्म्या हलवल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळ्यांना जरा कमी दिसायचं. उंबऱ्यातूनच तिनं कोपऱ्याकडं निरखून बघितलं.

"रामकिशन, लक्ष्म्या कुठं रं?"

"निलंग्याला."

"मग हे कोण बसवलंय?"

"त्यांच्या बदल्यात धाडलंय," रामकिशन म्हणाला.

अयोध्याबाई दोन पावलं पुढं आली. बजरंगाकडं बघितलं, त्याच्या पुढ्यातल्या ताटाकडं बघितलं.

"निवद काय दाखवलास?"

"खिचडी."

"तरीच," म्हातारी म्हणाली आणि हळदीकुंकवाचं ताट पदराखाली झाकून माघारी वळली, "तरीच दाराकडं बघून राहिलंय."